पाणी हे मूलद्रव्य नाही, आक्का!

"पाणी हे मूलद्रव्य आहे," आक्का म्हणाल्या, आणि मी हातातला खडू भिंतीवर फेकून मारला.

खडूचे तुकडे झाले. आक्का शांतपणे उठल्या, तुकडे वेचले, पदराला पुसून माझ्यापुढं ठेवले आणि परत पोत्यावर मांडी घालून बसल्या. चेहरा असा, की आता मी शाबासकीच देणार आहे.

"आक्का, पाणी कशापासून बनतं?"

"आपलं तर विहिरीतनं येतंय."

"येतं कुठून ते नाही विचारलं. बनतं कशापासून?"

"हायड्रोजन आणि ऑक्सिजन."

"म्हणजे किती मूलद्रव्यं झाली?"

"दोन."

"मग दोन मूलद्रव्यांचा संयोग होऊन जे तयार झालं, ते मूलद्रव्य कसं असेल?"

आक्कांनी विचार केला. अगदी मनापासून केला, ओठ मुडपून, वरच्या वाशांकडं बघत. मग म्हणाल्या, "पण दिसतंय एकच की गं."

आज मी सांगलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. वीस वर्षांत हजारभर पोरं हाताखालून गेली असतील. त्यात मठ्ठ होती, टारगट होती, बाकावर झोपणारी होती. पण माझा जीव असा मेटाकुटीला कुणी आणला नाही, जसा माझ्या थोरल्या जावेनं आणला. शालन तिचं नाव. मी आक्का म्हणायची.

आमचं सासर तासगावच्या पलीकडं. द्राक्षबागा, बेदाण्याचं शेड, घरात दहा माणसं आणि हंगामात वर कामाच्या बाया. सासऱ्यांना मी मामा म्हणायची, सासूबाईंना आत्या, तिकडची रीतच तशी. मी एम.एस्सी. होऊन त्या घरात आले तेव्हा माझ्या जुन्या सरांनी सांगून ठेवलं होतं, कॉलेजात जागा निघतेय, अर्ज कर. माझे यजमान सांगलीतच एका कारखान्यात होते, शनिवारी घरी यायचे. म्हणजे सगळं जुळून आलं होतं. मी नुसतं मामांच्या कानावर घालायचा अवकाश.

घातलं. मामांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं आणि मग थोरल्या सुनेकडं बघितलं.

"थोरली नववी शिकलीया न्हवं?"

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आक्कांनी मान हलवली.

"आपल्या अंगणवाडीची बाई दोन वर्सांनी रिटायर हुतीया. ती जागा ह्या घरात आली पायजे. त्या वरच्या आळीच्या शिंद्याची सून दहावीचं सर्टिफिकेट घिऊन टपून बसलीया." मामा माझ्याकडं वळले. "तर असं करा. थोरलीचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, भायरनं दहावीला बसवायची. धाकटीनं तिला शिकवायचं. थोरली दहावी झाली की धाकटीनं खुशाल सांगलीला जावं. दुपारी दोन ते चार माडीवर बसा. त्या येळेला थोरलीला कुणी हाक मारायची न्हाई. ऐकलं का गं?"

शेवटचं आत्यांना होतं. आत्यांनी नाक मुरडलं, पण हो म्हणाल्या. शिंद्यांच्या सुनेचं नाव निघालं की आमच्या घरात सगळ्यांचं एकमत व्हायचं.

मी नवऱ्याकडं बघितलं. ते म्हणाले, "दे की शिकवून. वर्षाचा तर प्रश्न आहे."

वर्षाचा तर प्रश्न! माझी नोकरी, माझं सांगलीतलं बिऱ्हाड, सगळं मामांनी जावेच्या दहावीच्या दावणीला बांधलं, आणि हे म्हणतात वर्षाचा तर प्रश्न. पण नवी नवरी होते. गप्प बसले.

माडीवर बेदाण्याची रिकामी खोकी ठेवायची एक खोली होती. तिथं आम्ही वर्ग मांडला. मराठी, इतिहास, भूगोल आक्का माझ्याशिवायच वाचायच्या. गणिताला थोडं बघावं लागलं. पण विज्ञान, आणि त्यातही रसायन काढलं, की आक्कांचं डोकं कुलूप लावल्यासारखं बंद व्हायचं.

मी काय काय नाही केलं! चिवड्याचं ताट वर नेलं.

"हे बघा, आक्का. पोहे, शेंगदाणे, डाळं, खोबरं. हे मिश्रण. यातले शेंगदाणे वेचून बाजूला काढता येतात की नाही? आणि शेंगदाणा चिवड्यात पडला तरी शेंगदाणाच राहतो की नाही? हवे तेवढे घाला, कमी घाला, चिवडा तो चिवडाच. संयुगाचं तसं नाही. तिथं प्रमाण ठरलेलं. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे अणू दोन आणि ऑक्सिजनचा एक. कुठलंही पाणी घ्या. विहिरीचं, नळाचं, डोळ्यातलं."

"आणि एखाद्याला तीन हायड्रोजन पायजे असले तर?"

"मिळणार नाहीत."

"का?"

"ऑक्सिजनची संयुजा दोन आहे म्हणून. त्याला दोनच हात आहेत असं समजा. दोघांनाच धरता येतं."

"बिचारा," आक्का म्हणाल्या आणि चिवडा खायला लागल्या.

मग आमच्या घरातलंच उदाहरण घेतलं. बेदाणा पिवळा राहावा म्हणून शेडमध्ये गंधकाची धुरी देतात, ते आक्का चौदा वर्षं बघत होत्या. मी म्हटलं, गंधक नुसतं आहे तोवर मूलद्रव्य. त्यात सगळे अणू एकाच जातीचे. जळलं की त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि तो डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. तो वायू संयुग. कळलं?

"कळलं."

"मग सांगा, गंधक काय?"

"संयुग."

"का?"

"पोत्यातनं येतंय म्हणून."

देवा! मी कपाळावर हात मारून घेतला. आणि बाईसाहेब गालातल्या गालात हसतायत असं मला वाटलं. पण म्हटलं, नसेल. स्वतःच्या अज्ञानाला कोण कशाला हसेल?

प्रश्न तर असे विचारायच्या की उत्तर देता देता चार वाजायचे. अणू डोळ्यांना दिसत नाही म्हटलं, तर मग पहिल्यांदा कुणी बघितला? केसाच्या टोकावर लाखो अणू बसतात म्हटलं, तर मोजले कुणी? सोडियमला पाण्यात टाकलं की पेट घेतो म्हटलं, तर मग सोडियमच्या आगीवर काय ओतायचं? मी सगळं सांगायची. सांगता सांगता स्वतःच रंगायची. आणि दुसऱ्या दिवशी विचारावं तर पाटी कोरी.

एकदा मिठाचं सांगत होते. सोडियम असा भडकणारा धातू, आणि क्लोरीन हा विषारी वायू. दोघं वेगवेगळे भेटले तर जीव घेतील, आणि दोघांचा संयोग झाला की आपण ते आमटीत घालतो. मूलद्रव्यांचे गुणधर्म संयुगात उरत नाहीत, ते हे असं.

आक्का त्या दिवशी पुढं सरकून बसल्या. मग म्हणाल्या, "आणि त्यातला क्लोरीन पुन्हा मोकळा झाला तर?"

"मिठातनं नाही होत सहजासहजी. पण ती ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर असते ना, टाकीत टाकतात ती, तिच्यावर आम्ल पडलं की होतो. हवेपेक्षा जड असतो. तळाला बसून राहतो. छातीत गेला तर माणूस गुदमरतो."

"काय रंग असतो?"

"हिरवट पिवळा. आक्का, हे परीक्षेला नाही! मिठाचं रेणुसूत्र परीक्षेला आहे. सांगा."

"Na..." आक्का अडखळल्या. "Na दोन, Cl... तीन?"

मी उठून खाली निघून गेले. अजून पावणेचारच वाजले होते.

मार्चला आक्का बसल्या. बाकी सगळे विषय सुटले, चांगल्या मार्कांनी सुटले. विज्ञान राहिलं. त्या जूनला कॉलेजच्या सरांना मी पडलेलं तोंड घेऊन भेटले. ते म्हणाले, "यंदा तासिका तत्त्वावर कुणीतरी घेतो. पुढच्या जूनला मात्र तू हवीस, नाहीतर जागा भरून टाकावी लागेल." ऑक्टोबरला आक्का परत बसल्या. पुन्हा विज्ञान राहिलं. मार्क आधीपेक्षा कमी!

आता उरला होता एकच मार्च. मामा म्हणाले, "धाकटीच्या शिकवण्यातच खोट आसंल." ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी त्या रात्री जेवले नाही. आक्कांनी ताट झाकून ठेवलं, आणि सकाळी माझ्याशी नजर मिळवली नाही.

जानेवारीत आमच्याकडं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सगळ्या गावच्या बाया येणार, शिंद्यांच्या घरच्यासुद्धा. आत्यांनी घर डोक्यावर घेतलं. त्यांचा खरा जीव होता नव्या न्हाणीघरावर. पांढऱ्या फरशा, टाइल्स, गावात पहिल्या. आणि बोअरच्या पाण्यानं त्या पिवळ्या पडल्या होत्या. शिंद्याची सासू हात धुवायला आत जाणार आणि बघणार, या विचारानं आत्यांना झोप लागत नव्हती.

मी आणि आक्का सोप्यात तिळगुळाच्या पुड्या बांधत होतो. न्हाणीघरातून घासण्याचा आवाज येत होता. आत्या आतूनच ओरडून बोलत होत्या, कुणाला ऐकू जावो न जावो.

"त्या फरशीच्या अ‍ॅसिडनं काय डाग जाईनात बाई! आता त्यात ती टाकीतली पावडर बी घालते. दोन्ही एकजागी केली की डबल काम हुईल."

मला वाक्य कळेपर्यंत आक्का उठल्या होत्या. पुड्या चौफेर उधळल्या.

"आत्या! ठेवा ते! श्वास घिऊ नका!"

त्या धावत गेल्या आणि मी त्यांच्या मागं. दार ढकललं तर आत्या न्हाणीच्या कोपऱ्यात उकिडव्या बसलेल्या, तोंडावर पदर, खोकून खोकून डोळे बाहेर आलेले. जमिनीलगत हिरवट पिवळं काहीतरी सरकत होतं. मी, एम.एस्सी. केमिस्ट्री, दारात खिळून उभी! आक्कांनी पदर नाकातोंडावर गच्च धरला, आत शिरल्या, आत्यांना काखेत हात घालून उचललं आणि ओढत बाहेर आणलं.

आत्या पडवीत खाली बसायला लागल्या तशा आक्का ओरडल्या, "बसू नका, आत्या! जड असतो त्यो, खाली बसतो. हर्षदा, त्यांना माळवदावर ने, मोकळ्या हवेत. जा!"

मी नेलं. आक्कांनी लांबूनच काठीनं न्हाणीची खिडकी उघडली, बाहेरून पाइप सोडून पाण्यावर पाणी मारलं. घरातली माणसं धावली. मामा आले, थोरले भाऊजी शेडवरून पळत आले. डॉक्टर येऊन आत्यांना बघून गेले, म्हणाले थोडक्यात वाचल्या, आणखी चार मिनिटं आत राहिल्या असत्या तर सांगता आलं नसतं.

डॉक्टर गेल्यावर मामांनी विचारलं, "पर झालं काय नेमकं?"

आक्का अजून भानावर नव्हत्या. त्या बोलत सुटल्या. "मामा, टीसीएल म्हंजी विरंजक चूर्ण. त्यात क्लोरीन असतोय, पर संयुगात बांधलेला असतोय, म्हणून काय करत न्हाई. त्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल पडलं की कॅल्शियम क्लोराइड आणि पाणी तयार होतं, आणि क्लोरीन मोकळा सुटतो. CaOCl2 अधिक 2HCl. बाणाच्या पुढं CaCl2, H2O आणि Cl2. दोन्हीकडं अणू सारखेच राहतात, पर एकत्र होते तेव्हाचा गुण आणि..."

आणि आक्का थांबल्या. कारण त्यांना मी दिसले.

मी माळवदाच्या जिन्यावर उभी होते. तोंड उघडं. समतोल केलेलं समीकरण! विरंजक चूर्णाचं रेणुसूत्र मी त्यांना एकदा, फक्त एकदा, फळ्याच्या कोपऱ्यात लिहून दाखवलं होतं. आणि आदल्या दिवशी ह्याच बाईनं मला सांगितलं होतं, की हवा हे संयुग आहे.

मामा खूश होऊन म्हणाले, "वा! थोरली तयार झाली की!"

मी दुपारी दोन वाजता माडी चढले, दार लावलं आणि आक्कांच्या समोर बसले.

"कधीपासून येतंय?"

"काय गं?"

"आक्का, आज मी खडू नाही फेकणार. पाट फेकीन."

आक्कांनी जमिनीवर बोटानं रेघा ओढल्या. "पहिल्या दिवाळीपासनं येतंय."

"सगळं?"

"सगळं. तू चांगली शिकवतीस."

"मग मार्चला?"

"मुद्दाम."

"ऑक्टोबरला?"

"तेव्हाबी."

सांगण्याची तऱ्हा अशी, जणू आमटीत मीठ मीच घातलं म्हणून सांगतायत. माझं डोकंच फिरलं. "का? मी काय घोडं मारलं होतं तुमचं? माझी नोकरी गेली एकदा, आता परत जाईल. मामा मला वाट्टेल तसं बोलतात. रोज इथं बसून मी घसा फोडते, आणि तुम्ही... तुम्ही पोत्यातनं येतं म्हणून संयुग म्हणता! मजा बघत होतात माझी?"

"ते पोत्याचं जरा जास्तच झालं," आक्का म्हणाल्या. "हसू आवरलं न्हाई मला."

"आक्का!"

"पास झाले की वर्ग बंद झाला असता. मग तू गेली असतीस." त्या पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघून बोलल्या. "आणि अंगणवाडी म्हणशील, तर तिथं सकाळी पोरांची खिचडी, आणि घरी आलं की हे सगळं हायच. मामांचा चहा, बायांची भाकरी, आत्यांची गोळी. शालन, शालन, शालन. न्हाणीत गेले तरी दारावर थाप."

"म्हणून माझं दीड वर्ष खाल्लंत तुम्ही?"

"खाल्लं," आक्का म्हणाल्या. जराही आढेवेढे नाहीत. "मला ह्या घरात चौदा वर्षं झाली, हर्षदा. त्यात ह्या दीड वर्षाच्या दुपारी तेवढ्या माझ्या होत्या."

मला विरघळायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. मी विरघळले नाही. मला भयंकर राग आला होता, आणि तो आला ते बरोबरच होतं. कारण दुपारी त्यांच्या होत्या, पण त्यांची किंमत मी मोजत होते, आणि मला कुणी विचारलं नव्हतं. मी दार आपटून खाली आले आणि आक्कांशी बोलणंच टाकलं.

तिसऱ्या दिवशी आत्या खाटेवर उठून बसल्या. आवाज फुटत नव्हता, पण म्हणून गप्प बसतील तर त्या आत्या कसल्या! घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "थोरलीला तर सगळंच येतंय की. मग रोज वर जाऊन बसायचं कशाला? परीक्षेला बसली म्हंजी झालं. दुपारी बेदाण्याच्या बायांवर नजर ठेवायला कुणीतरी पायजेच हाय."

मामांनी मान डोलवली. बरोबर होतं त्यांच्या दृष्टीनं. आक्का चुलीपुढं बसल्या होत्या. त्या भाकरी थापायच्या थांबल्या.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कुठलं सगळं येतंय, आत्या! तेवढं एक समीकरण पाठ झालंय पोपटासारखं. बाकी नुसता आनंद आहे. अजून पाणी मूलद्रव्य म्हणतात त्या. रोज दोन तास बसल्याशिवाय सुटत नाही विज्ञान. आणि राहिलं, तर मला बोलू नका, मामा."

"बसा, बसा," मामा घाईनं म्हणाले. "शिंद्याची सून यायची तिथं."

दोन वाजता मी माडी चढले. आक्का आधीच येऊन बसल्या होत्या. पुस्तक उघडलंच नव्हतं.

"शिकवायचं काही राहिलेलं नाही," मी फटकारलं. "तुम्हांला काय करायचं ते करा. मी वाचत बसते."

आक्का खोक्यांच्या मधल्या जागेत गोधडी अंथरून आडव्या झाल्या. पडल्या पडल्या खिडकीतनं बागेकडं बघत राहिल्या. चार वाजता उठल्या, गोधडी घडी केली, केस बांधले आणि खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी तसंच. महिनाभर तसंच. त्या कधी झोपायच्या, कधी गाणं गुणगुणायच्या, एकदा तर अख्खी दुपार त्यांनी नखांना रंग लावला आणि जायच्या आधी पुसून टाकला. मी पुस्तकामागून बघायची आणि मनात चरफडायची. बोलायला चार शब्द होते माझ्याकडं, पण ते कुठं टाकायचे तेच कळेनासं झालं होतं.

परीक्षेचं केंद्र तासगावला होतं. विज्ञानाच्या पेपरला मीच आक्कांना घेऊन गेले. फाटकाशी पोरींची गर्दी, सगळ्या पंधरा-सोळाच्या. त्यात आक्का, डोक्यावर पदर घेतलेल्या, हातात हॉल तिकीट. आत जाता जाता त्या मागं फिरल्या.

"काय लिहू गं?"

"म्हणजे?"

"तू सांगशील तसं लिहिते. खोटं न्हाई बोलत. तूच सांग."

इतका संताप आला मला! दीड वर्ष मला न विचारता घेतलं, आणि आता परत द्यायची वेळ आली तर ते मीच मागून घ्यायचं. खरं लिहा म्हटलं तर त्यांची दुपार मी तोडली. चुकवा म्हटलं तर माझी नोकरी मी बुडवली. घंटा झाली. पोरी आत पळायला लागल्या.

"बरोबर लिहा," मी म्हटलं. "सगळं बरोबर लिहा. मला जायचंय, आक्का."

"बरं," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

पुढचं सांगून टाकते. त्या पेपरात आक्कांना शंभरपैकी एकोणऐंशी पडले. जूनमध्ये मी सांगलीला गेले. अंगणवाडीची जागा आमच्याच घरात आली आणि मामांनी शिंद्यांच्या दारावरून मुद्दाम पेढे वाटत नेले. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी शाळेच्या पायरीवर बसून नखं खात होते.

वेळ संपायच्या बऱ्याच आधी पोरी बाहेर यायला लागल्या. दोघी-तिघी आल्या, मग घोळका आला. आक्का नाहीत. मी शिपायाला विचारलं, पेपर अवघड आहे का? तो म्हणाला, "सोपा हाय म्हणं." तरी आक्का नाहीत. म्हटलं, फसवलं बाईनं. बसलीय आत, एकेक उत्तर जपून चुकवत. घणघण शेवटची घंटा झाली, बाकीच्या पोरी धावत बाहेर पडल्या, आणि सगळ्यांच्या मागून आक्का सावकाश चालत आल्या. चेहरा टवटवीत.

मी तुटून पडले. "कुठं होतात? काय लिहीत होतात एवढा वेळ? चुकवलंत ना परत? खरं सांगा!"

"न्हाई गं. सगळं बरोबर लिहिलं. कधीच लिहून झालं होतं. अर्धा वेळसुद्धा नाही लागला."

"मग बाहेर का नाही आलात? मी इथं मरतेय!"

"बसले होते," आक्का म्हणाल्या. "वर पंखा होता. बसायला बाक होता. कुणाला काही नको होतं माझ्याकडनं."

आम्ही एसटी स्टँडवर आलो. आमच्या गावाची गाडी लागलेलीच होती, कंडक्टर दारात उभा राहून हाका मारत होता. आक्कांनी पदर खोचला आणि त्या पळायला लागल्या.

"चल गं, चल लवकर! आत्या वाट बघत असतील. बायांचा चहा व्हायचाय अजून."

मी त्यांचा हात धरला आणि त्यांना मागं ओढलं.

"जाऊ दे ही गाडी."

"अगं, पुढची लई उशिरा हाय!"

"असू दे," मी म्हटलं. "बसा खाली."